शोकाची तबकडी

प्रत्येक नांदत्या घरांत एखादी तरी वस्तु अशी असते कीं, तिला हात लावण्याचे नियम कोणी लिहून ठेवलेले नसतात. परंतु ते मोडण्याची छाति मात्र कोणाची होत नाहीं. कोणाच्या घरीं ती आजोबांची आरामखुर्ची असते, कोणाच्या घरीं माळ्यावरची कुलूप घातलेली पेटी. पुण्यांतील आमच्या घरीं ती ग्रामोफोनची एक तबकडी होती. घरांत कोणी गेलें कीं तेराव्याच्या रात्रीं ती कपाटांतून निघावयाची, एरवीं नाहीं. मुलें तिला ‘शोकाची तबकडी’ म्हणत, आणि तिच्यावर दुसरें कसलें नांव छापलेलें आहे हें वाचण्याची गरज कोणाला भासली नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत ह्याच तबकडीवरून आमच्या घरांत एक वाद उपस्थित झाला. त्या वादांत आम्हीं जो पक्ष घेतला, तो शेवटीं सोडावा लागला. तो कां सोडावा लागला, हें सांगण्यासाठीं हा लेख.

१९७४ सालीं आमचे मामा जर्मनीहून परत आले, तेव्हां त्यांनीं आमच्या वडिलांसाठीं दोन तबकड्यांचा एक संच आणला. वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असूं. ते कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवीत. गाण्याचा नाद घराला पूर्वीपासून होता, पण तो नाट्यगीतांचा आणि ख्यालाचा. माहलर ह्या ऑस्ट्रियन संगीतकाराची पांचवी सिंफनी आमच्या घरांत आली ती पाहुणी म्हणूनच, आणि कांहीं महिने पाहुणीसारखीच कपाटांत अवघडून बसली. तिची विचारपूस करणारे दोघेच होते : आप्पा आणि आमचे धाकटे काका.

१९७६ च्या पावसाळ्यांत काका काविळीनें गेले. त्यांचें वय बत्तीस वर्षांचें होतें. मागें काकू आणि तीन वर्षांचा मुलगा. तेराव्याच्या रात्रीं पाहुणे पांगल्यावर आप्पांनीं माजघरांतील दिवा मालवला आणि त्या सिंफनीचा चौथा खंड लावला. बारा मिनिटें कोणी शब्द काढला नाहीं. खंड संपतांच त्यांनीं सुई उचलली, तबकडी पुसून पाकिटांत घातली, आणि ते गच्चीवर निघून गेले. आम्ही तेव्हां बारा वर्षांचे होतों. आपले वडील रडूं शकतात हें आम्हांस त्या रात्रीं प्रथम कळलें. पुढें आजी गेली तेव्हां तेंच झालें. २००१ सालीं आप्पा स्वतः गेले, आणि तबकडी लावण्याचें काम आमच्याकडे आलें. चौथा खंड, बारा मिनिटें, आणि शेवट होतांच सुई उचलणें. ह्या क्रमांत कांहीं फेरफार करावा असें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं.

ज्या वाचकांचा ह्या संगीताशीं परिचय नसेल, त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीं रचलेली दीर्घ कृति. तिचे निरनिराळे खंड असतात, आणि प्रत्येक खंडाची लय, पट्टी व भाव हीं सहसा निराळीं असतात. माहलरच्या पांचव्या सिंफनीचे खंड पांच आहेत. वाद्यवृंदांत शिंगें, तुताऱ्या, बासऱ्या, नगारे यांची दाटी असते. परंतु चौथ्या खंडांत हीं सारीं वाद्यें स्तब्ध राहतात. गजानें वाजणारीं तंतुवाद्यें आणि एक हार्प, एवढ्यांवरच तो खंड उभा आहे. त्याचें नांव आदाजिएत्तो. त्याची पट्टी एफ मेजर, म्हणजे आपल्या पेटीवरील पांढरी चार. मुख्य चालीचे स्वर बिलावलासारखे शुद्ध.

आरंभीं हार्पचे विरळ स्वर पडूं लागतात. षड्ज कोणता हें पटकन् उमगत नाहीं. मग व्हायोलिनें पंचमावरून धैवत, निषाद अशीं हलकेच चढतात, निषादावर रेंगाळतात, आणि तेथून षड्जावर उतरावें तशीं विसावतात. सारी किमया त्या रेंगाळण्यांत आहे. तंबोरा जुळलेला असतांना गवई निषाद लांबवतो आणि बैठकींतील प्रत्येक माणूस मनांतल्या मनांत षड्ज लावून मोकळा होतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, आपल्याकडे षड्ज एकदां बसला तो बसला; हे लोक मधल्या भागांत षड्जच हलवतात, दूरदूरच्या पट्ट्यांतून हिंडून येतात, आणि मग पांढरी चारवर परततात. घर सोडून गेलेल्या माणसानें पुन्हा उंबऱ्यावर पाऊल ठेवावें, तसें त्या क्षणीं वाटतें. आम्हांला मात्र लहानपणापासून हें परत येणें म्हणजे गेलेल्या माणसाची आठवण येणें, असेंच वाटत आलें होतें.

लय आणि पट्टी यांचा संबंध आम्ही ह्याच तबकडीवर शिकलों, आणि तोहि मार खातां खातां. आमच्या यंत्राला वेग बदलण्याचा एक खटका होता. १९७९ च्या मेच्या सुटींत आप्पा बाहेर गेलेले पाहून आम्हीं ती तबकडी चोरून काढली, आणि मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांऐवजीं पंचेचाळीस फेऱ्यांवर लावली. बारा मिनिटांचें काम नऊ मिनिटांच्या आंत आटपलें, परंतु व्हायोलिनें डांसांसारखीं गुणगुणूं लागलीं; पांढरी चार चढून काळी पांचच्याहि वर गेली होती. आप्पा नेमके त्याच वेळीं परत आले. पाठींत एक धपाटा घालून झाल्यावर त्यांच्यांतील शिक्षक जागा झाला. ते म्हणाले, “यंत्रानं वेग वाढवला कीं पट्टीहि चढते. वाजवणाऱ्यानं वाढवला तर पट्टी तीच राहते, आणि गाणं बदलतं.” पहिलें वाक्य आम्हांला तेथल्या तेथें पटलें. दुसऱ्याचा अर्थ कळावयास साठी गांठावी लागली.

आतां वादाकडे वळूं. काकूंची नात, म्हणजे आमची पुतणी, हिचें लग्न मार्गशीर्षांत ठरलें. ती व्हायोलिन शिकली आहे. एके दिवशीं जेवणाच्या वेळीं तिनें सहज सांगितलें कीं, स्वागत-समारंभाला ती आणि नवरदेव येतील त्या वेळीं माहलरचा आदाजिएत्तो लावावयाचा आहे. पंगतींत एकदम शांतता पसरली. थोरल्या वहिनींनीं वाढतां वाढतां हात आखडला आणि त्या म्हणाल्या, “अगं, ती आपल्याकडे तेराव्याला लावतात!” ती म्हणाली, “ठाऊक आहे, वहिनीआजी. पण तें प्रेमपत्र आहे.”

आम्हांला हंसूं यावयास हवें होतें. आला तो राग. ज्या स्वरांबरोबर आप्पांना रडतांना पाहिलें, जे स्वर आप्पांच्या मागें आम्हीं स्वतः लावले, ते मांडवांत, पेढ्यांच्या तबकांमध्यें वाजवावयाचे? आम्ही शकुन-अपशकुन मानणारे नव्हों. तरी त्या दिवशीं वहिनींपेक्षांहि कठोर बोललों. आम्ही म्हणालों, “प्रेमपत्र कीं मरणपत्र, हें ऐकणाऱ्याला कळतं. कानाला विचार.” ती भांडली नाहीं. रात्रीं आमच्या खोलींत येऊन तिनें मोबाइलवर दोन जुनीं ध्वनिमुद्रणें लावून दिलीं आणि म्हणाली, “काका, कानालाच विचारा.”

पहिलें मुद्रण १९२६ सालचें, आम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदाचें. नायक विलेम मेंगेलबर्ख. खरखर पुष्कळ होती, पण तिच्याआडून जें ऐकूं आलें, त्यानें आम्ही चपापलों. स्वर तेच, पट्टी तीच, वाद्यें तींच. पण आमचा शोक त्यांत कोठेंच नव्हता. व्हायोलिनें निषादावर थांबत होतीं, परंतु हुंदका आवरणाऱ्या माणसासारखीं नव्हे. कांहीं सांगण्यासाठीं आलेला माणूस दाराशीं क्षणभर अडखळतो, तशीं. सात मिनिटांत सारें संपलें. दुसरें मुद्रण जानेवारी १९३८ चें, व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाचें, ब्रूनो वॉल्टर यांच्या नायकत्वाखालचें. तें आठ मिनिटांच्या आसपास. तेंहि चालतें, थबकतें, पुन्हा चालूं लागतें. बसकण कोठेंच मारीत नाहीं.

आमचा पहिला तर्क तबकडीवर संशय घेण्याचा होता. त्या काळच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांहून अधिक मावत नसे. तेव्हां जागेच्या टंचाईमुळें बिचाऱ्यांनीं घाई केली असेल, असें आम्हीं मनाला समजावलें. पण हिशेब जुळेना. दोन बाजू मिळून आठ मिनिटें सहज मिळत होतीं, आणि मेंगेलबर्ख सातांतच थांबले होते. जागा शिल्लक असतांना त्यांनीं ही लय घेतली, म्हणजे ती त्यांना हवीच होती.

हे दोघे माहलरला परके नव्हते. वॉल्टर तरुणपणीं त्याचे साहाय्यक होते. मेंगेलबर्खच्या आम्स्टरडॅमला माहलर वारंवार जात असे, आणि १९०६ सालीं त्यानें तेथें हीच सिंफनी स्वतः वाजवून घेतली होती. मेंगेलबर्ख यांनीं आपल्या स्वरलिपीच्या प्रतींत ह्या खंडाविषयीं एक टिपण लिहून ठेवलें आहे. त्याचा आशय असा कीं, हा खंड म्हणजे माहलरनें आल्मा शिंडलर हिला दिलेली प्रेमाची कबुली होय. पत्राऐवजीं त्यानें हेंच हस्तलिखित तिच्याकडे धाडलें, बरोबर एक अक्षरहि लिहिलें नाहीं. तिला तें कळलें, आणि तिनें त्याला येण्याविषयीं लिहिलें. ही हकीगत दोघांनींहि आपल्याला सांगितली, असें मेंगेलबर्ख म्हणतात. सिंफनी रचली गेली ती १९०१ व १९०२ च्या उन्हाळ्यांत, ऑस्ट्रियांतील मायर्निग येथें, सरोवराकांठीं. आल्माची गांठ पडली नोव्हेंबर १९०१ मध्यें, आणि लग्न झालें ९ मार्च १९०२ रोजीं. तारखा टिपणाशीं जुळतात.

मग आमच्या तबकडीवर बारा मिनिटें कशीं? ह्याचें मूळ कांहींसें माहलरच्याच लिहिण्यांत आहे. आदाजिएत्तो म्हणजे लहानसा आदाजियो, म्हणजे विलंबित खरें पण फार जड नव्हे. आणि त्याच नांवाखालीं त्यानें जर्मन भाषेंत ‘अतिशय संथ’ अशी सूचना लिहिली आहे. एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें काढून घ्यावें, तशांतला हा प्रकार! मिनिटाला मात्रा किती, हा आंकडा त्यानें दिलेला नाहीं. तेव्हां प्रत्येक नायक आपल्या स्वभावाप्रमाणें दोहोंपैकीं एका शब्दाकडे झुकतो.

आप्पांचा मुलगा म्हणून आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. ह्या खंडांत चार-चार मात्रांचीं १०३ मापें आहेत, म्हणजे मात्रा ४१२. मधून मधून लय ढिली होते, घट्ट होते. तेव्हां हिशेब सरासरीचाच. सात मिनिटांत ४१२ मात्रा म्हणजे मिनिटाला सुमारे ५९. घड्याळाचा सेकंदकांटा जसा चालतो तशी मात्रा पडते. बारा मिनिटांत त्याच मात्रा म्हणजे मिनिटाला सुमारे ३४; एकेका मात्रेला पावणेदोन सेकंद. बर्लिनच्या वाद्यवृंदाबरोबर बर्नार्ड हायटिंक यांनीं १९८८ सालीं हा खंड मुद्रित केला, त्याला तर जवळजवळ १४ मिनिटें लागतात. तेथें मिनिटाला ३० मात्राहि भरत नाहींत.

ह्या आंकड्यांचा परिणाम कानाला कसा जाणवतो, तें हार्पवरून चांगलें कळतें. हार्पची तार छेडली कीं तिचा नाद क्षणांत विरूं लागतो. लय चालती असेल तर एक स्वर विरण्याच्या आंत दुसरा येतो, आणि ओहोळ वाहिल्यासारखें वाटतें. लय अतिशय संथ झाली कीं प्रत्येक स्वर एकटा पडतो. पागोळीचा थेंब पडावा आणि पुढच्या थेंबाची वाट पाहावी, तसें होतें. व्हायोलिनांचेंहि तेंच. चालत्या लयींत पंचमापासून षड्जापर्यंतची चढण हें एक सबंध वाक्य असतें. बारा मिनिटांच्या लयींत त्या वाक्यांतील प्रत्येक शब्द सुटा होतो, आणि निषादावरचें रेंगाळणें हें अडखळणें न राहतां कळ होऊन बसतें. आपल्या गाण्याला हें नवीन नाहीं. मध्य लयींत लडिवाळ वाटणारी चीज अतिविलंबितांत गंभीर होते, हें कोणताहि जाणता श्रोता सांगेल. आम्हांला हें ठाऊक होतें. पण परक्या संगीताची तबकडी ही जणूं त्या कृतीची तसबीरच, असें आम्ही धरून चाललों होतों. तबकडी म्हणजे एका दिवशीं एका माणसानें घेतलेली लय, एवढेंच.

शोकाचा शिक्का ह्या खंडावर कसा बसला, त्याचाहि माग लागतो. ८ जून १९६८ रोजीं न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्यें, मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडलेल्या रॉबर्ट केनेडी यांचा अंत्यविधि झाला. त्या वेळीं लेनर्ड बर्नस्टाइन यांनीं हा खंड वाजवला. १९७१ सालीं लुकिनो विस्कोंती ह्या इटालियन दिग्दर्शकानें टोमास मान यांच्या १९१२ सालच्या ‘व्हेनिसमधील मृत्यु’ ह्या कथेवर चित्रपट काढला. त्याचा नायक समुद्रकिनाऱ्यावर खुर्चींत बसल्या बसल्या मरतो, आणि तेव्हां हेच स्वर वाजत असतात. ज्यांनीं माहलरचें नांवहि ऐकलें नव्हतें, त्यांच्या कानांत हा खंड मरणाबरोबरच शिरला. १९७४ सालीं आमच्या घरांत आलेली तबकडी ह्याच हवेंत तयार झालेली. तिच्या नायकाचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. कारण त्यानें वाजवलें तें सुंदरच होतें, आणि त्यापुढची करणी आमची आहे.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मेंगेलबर्खचें टिपण ही एका माणसाची साक्ष आहे. १९०१ च्याच उन्हाळ्यांत माहलरनें र्‍युकर्ट ह्या कवीच्या एका कवितेला चाल लावली. जगाच्या गलबल्यापासून दूर झालेल्या माणसाचें मनोगत असा तिचा विषय आहे. त्या गीताची चाल ह्या खंडाशीं सख्ख्या बहिणीसारखी जुळते. तेव्हां हा खंड निव्वळ प्रेमाचा, त्यांत विरक्तीचा लेशहि नाहीं, असें छातीठोकपणें म्हणतां यावयाचें नाहीं. आम्हीं हा मुद्दा मोठ्या उत्साहानें पुतणीपुढें मांडला. ती म्हणाली, “विरक्ति चालेल, काका. पण तेरावा नको.”

दोन दिवस असे गेल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्यांना प्रथम विचारावयाचें त्यांनाच कोणी विचारलें नव्हतें. काकू आतां सत्याहत्तर वर्षांच्या आहेत. तबकडीचा शोक मुळांत त्यांचा. आम्ही सारे त्यांतले भागीदार. तो प्रश्न निघाला त्या दिवशीं त्या पंगतींत होत्या, पण ताक-भात कालवीत गप्प बसल्या होत्या. आम्ही त्यांच्याकडे गेलों आणि हें सर्व सांगितलें. त्या म्हणाल्या, “दोन्ही लाव. ऐकूं तरी दे.”

पुतणीनें आधीं जुनी तबकडी लावली, पण थोडीशीच. मग मेंगेलबर्खचें मुद्रण सबंध. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर त्या म्हणाल्या, “मघांची उभी होती. ही चालते आहे.” इतक्या वर्षांत आम्हीं वाचलेल्या एकाहि पुस्तकांत हें इतक्या थोडक्यांत आम्हांला सांपडलें नव्हतें. मग त्यांनीं विचारलें, “पण तुम्ही सगळे ती मध्येंच कां थांबवतां?”

आम्ही म्हणालों, “मध्येंच कोठें? खंड संपतो तेथें.”

“संपत नाहीं रे. तुझे काका सुई कधीं उचलीत नसत. ह्याच्या पाठोपाठ एक नाचरं येतं. त्यांत हेंच गाणं हंसत हंसत परत येतं. तें आलं कीं ते माझ्याकडे बघून म्हणायचे, ‘ओळखलंस?’ मला पहिल्यांदा नव्हतं ओळखूं आलं.” काकू थोडा वेळ थांबल्या. “तेराव्याच्या रात्रीं आप्पांनीं लावलं, तेव्हां मीं मनांत म्हटलं, आतां पुढचं येईल. त्यांनीं सुई उचलली. पन्नास वर्षं होत आलीं.”

“मग तुम्ही कधीं बोललां कां नाहीं?”

“थोरल्या दिरांना काय सांगायचं? आणि त्यांचाहि भाऊच गेला होता.”

ह्यावर आम्हांला बोलण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं. पुतणीनें न विचारतां जुनी तबकडी पुन्हा लावली, ह्या वेळीं चौथ्या खंडाच्या शेवटाजवळ. शेवटचा लांबलेला स्वर विरत आला. आमचा हात संवयीनें पुढें गेला. काकूंनीं तो धरून ठेवला. लगेच शिंगाचा एक लांब स्वर आला, कोणी पहाटे अंगणांतून हांक मारावी तसा; मग इतर वाद्यें एकेक करून बोलूं लागलीं. पट्टी आतां पांढरी दोन. खुद्द माहलरनेंच चौथ्या खंडाच्या अखेरीस पुढला खंड न थांबतां सुरू करावा अशी सूचना लिहिली आहे, हें आम्हांला मागाहून कळलें. थोड्या वेळानें चौथ्या खंडाच्या मधल्या भागांतील तीच चाल, जिच्यांत दूरच्या पट्ट्यांचें हिंडणें आहे तीच, जलद लयींत, पायांत चाळ बांधल्यासारखी, व्हायोलिनांवर आली. काकूंनीं बोट वर केलें आणि नातीला म्हणाल्या, “ओळखलंस?”

सगळ्या कागदपत्रांहून हा पुरावा बळकट, हें आम्हांला त्या क्षणीं पटलें. ज्या गाण्याला दुसऱ्या श्वासांत हंसावयाचें आहे, तें गाणें अंत्यविधीसाठीं कसें रचलेलें असेल? माहलरला मरणाचें संगीत हवें होतें तेव्हां त्यानें आडपडदा ठेवलेला नाहीं. ह्याच सिंफनीच्या पहिल्या खंडावर त्यानें ‘शोकयात्रा’ असें स्पष्ट लिहिलें आहे, आणि त्याची पट्टी आहे काळी एकची, कोमल गांधाराची. तेथून निघून ही कृति पांढरी दोनच्या उजेडांत येऊन संपते. त्या वाटेवरच्या उंबऱ्यावर आमचा चौथा खंड आहे. आम्ही उंबऱ्यावरच बसून राहिलों, आणि घर एवढेंच आहे असें मानीत आलों. त्यांत आप्पांचा दोष आम्ही मानीत नाहीं. भाऊ गेलेल्या माणसाला त्या रात्रीं पुढचें ऐकवलें नसतें, हें उघड आहे. दोष असेल तर तो आमचा. त्यांनीं एका रात्रीं केलें, त्याची आम्हीं रीत केली.

स्वागत-समारंभाला वॉल्टर यांचें १९३८ चें मुद्रण लावलें. तें मुद्रित झाल्यावर दोनच महिन्यांनीं, मार्च १९३८ मध्यें, हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला, आणि माहलर ज्यू म्हणून त्याचें संगीत तेथें बंद पडलें. वॉल्टर यांनाहि त्या देशास मुकावें लागलें. खरें पाहतां शोक करावयास त्या वादकांपाशीं कारणें थोडीं नव्हतीं. तरीहि त्यांची लय चालतीच राहिली. मांडवांत हें सारें कोणाला ठाऊक असणार? पाहुण्यांना वाटलें, कांहीं तरी विलायती वाजत आहे. आठ मिनिटांतलीं तीन मिनिटें ध्वनिक्षेपक नीट लागलाच नाहीं. वहिनींनीं मात्र संपेपर्यंत हातांतलें तबक खालीं ठेवलें नाहीं, शेवटीं त्या एवढेंच म्हणाल्या, “बरं वाटलं हो.” काकू पहिल्या रांगेंत बसल्या होत्या. वधूवर जवळून गेलीं तेव्हां त्यांनीं नातीच्या हाताला हात लावला.

आम्हांला कोणी विचारील कीं, मग पन्नास वर्षांचा तो शोक खोटा होता काय? तसें आम्हांला वाटत नाहीं. बारा मिनिटांच्या लयींत जें ऐकूं येतें, तेंहि त्याच स्वरांत आहे; नसतें तर तें बाहेर काढतां आलें नसतें. निषादावर रेंगाळणाऱ्या माणसाला भेटीची ओढ आहे, कीं भेट आतां व्हावयाची नाहीं ही जाणीव आहे, हें तो षड्जावर किती वेळानें पोहोंचतो त्यावर ठरतें. आप्पा म्हणाले होते तें हेंच. जुनी तबकडी आम्हीं टाकून दिलेली नाहीं. काकूंनींच तसें बजावलें आहे, त्या म्हणाल्या, “ती राहूं दे. तीहि आपलीच.”

ह्या वर्षीं काकांच्या तिथीला, श्राद्धाचें जेवण उरकून सारे निवांत बसल्यावर, आम्हीं ती पुन्हा लावली. चौथा खंड संपला. कोणी हललें नाहीं. सुई पुढें जात राहिली.